होडीच्या पोटात काय आहे, ते त्याला पाहू द्या

नमस्कार ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगा बारावी सायन्सला ५८ टक्के मिळवून पास झाला. मार्चमध्ये त्याने साठवलेल्या पैशांतून खाडीकाठी उलटी पडलेली १८ फुटी जुनी फायबर होडी विकत घेतली आणि तेव्हापासून मांगरात (शेडमध्ये) ग्राइंडर घेऊन बसलाय. वडिलांची पर्यटकांना फिरवणारी होडी आहे, पण ते म्हणतात, आम्ही दर्यात आयुष्य काढलं, तू तरी ऑफिसात बस. मुंबईचे काका एका कंपनीत चिकटवायला तयार आहेत. आणि मुलगा एकच म्हणतो, "माका ह्याच शिकूचा आसा." यात पोट भरेल का, याचा कोर्स कुठे असतो, आणि रात्रभर तो अंग खाजवत बसतो त्याचं काय, असे तुमचे तीन प्रश्न आहेत.

खाजेपासून सुरुवात करतो, कारण तुमची खरी काळजी तिथे आहे. घासताना काचेचे बारीक तंतू उडतात आणि कातडीत रुततात, त्याची ती खाज. पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, काम संपल्यावर आधी गार पाण्याने आंघोळ, आणि ते कपडे घरच्या धुण्यात न टाकणं, एवढ्याने ती आटोक्यात येते. खाजेहून मोठे धोके मात्र दुसरे आहेत. रेझिनचा, म्हणजे काचेचे तंतू घट्ट बांधणाऱ्या चिकट द्रवाचा, जो उग्र वास येतो तो त्यातल्या स्टायरिन या रसायनाचा. तोंडाला रुमाल बांधून तो अडत नाही. रासायनिक वाफेसाठीच्या डब्या लावलेला मास्क लागतो आणि काम उघड्यावर किंवा वारा खेळत्या जागी करावं लागतं. रेझिन घट्ट करायला जो पातळ, पाण्यासारखा हार्डनर घालतात, त्याचा एक थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. बाटली उघडण्याआधी गॉगल चढलाच पाहिजे. तरीही उडालाच तर निदान १५ मिनिटं पाण्याची धार आणि लगेच दवाखाना. तिसरी गोष्ट त्याच्याकडून पाठच करून घ्या: कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून घालतात तो द्रव) आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, मग हार्डनर. दोन्ही बाटल्या एका फळीवर ठेवायच्यासुद्धा नाहीत. मास्क आणि गॉगल वापरायला तो तयार नसेल, तर त्याला हे काम करू देऊ नका. एरवी मी मुलांच्या बाजूने झुकतो, इथे झुकणार नाही.

आता पोटाचा प्रश्न. लाकडी होडी बांधणारे सुतार आणि तिच्या फटी बुजवणारे कलाफती कमी होत गेले तशा आपल्या किनाऱ्यावर फायबरच्या होड्या वाढल्या. घेताना सगळ्यांची समजूत एकच असते, की फायबरला काही करावं लागत नाही. फायबर कुजत नाही हे खरं. पण वाळूवरून ओढून ओढून तळ झिजतो, वरचा गुळगुळीत थर, म्हणजे जेलकोट, तडकतो, त्या तड्यांतून पाणी आत शिरतं आणि थरांमध्ये बसून राहतं. इंजिन अडकवतात त्या मागच्या फळ्यात, म्हणजे ट्रान्सममध्ये, बहुधा प्लायवूड कोंबलेलं असतं. इंजिनाचे बोल्ट जिथून आरपार जातात तिथून त्यात पाणी मुरतं आणि बाहेरून होडी चकचकीत दिसत असताना आतला फळा पोह्यांसारखा मऊ होतो. दहा-पंधरा वर्षं झालेल्या अशा होड्या हर्णैपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठल्याही बंदरावर दिसतील. त्यावर पुट्टी थापून रंग मारणारे पुष्कळ आहेत. आतलं सडकं काढून पुन्हा भरणारे थोडे, आणि चांगल्या कारागिराकडे होडीवाले स्वतःहून येतात.

याला आपल्याकडची एक अडचण जोडून आहे आणि मला वाटतं तुमच्या मुलाची संधी तिथेच आहे. मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै, पर्यटकांच्या होड्याही पावसाळ्यात ओढून ठेवलेल्या. म्हणजे होडी दुरुस्तीला मोकळी असते ती नेमकी हवा ओलीचिंब असताना, आणि रेझिनला ओल अजिबात चालत नाही. ओल्या फायबरवर चढवलेला थर चिकटल्यासारखा दिसतो आणि पुढच्या हंगामात पापुद्र्यासारखा सुटतो. माझ्या गावी एका होडीच्या तळाला आषाढात, ताडपत्रीखाली ठिगळ लावलं होतं. ते नारळी पौर्णिमेनंतर पंधरा दिवसही टिकलं नाही. नशीब, होडी किनाऱ्याजवळ होती. ज्याच्याकडे पक्क्या छपराची, वारा खेळणारी, होडी आठवडाभर वाळवता येईल अशी जागा आहे, त्याला पावसाळ्यात काम मागायला जावं लागणार नाही. तुमच्या मांगराचं छप्पर गळतं असं तुम्ही लिहिलंय. मुलावर पैसे खर्च करायचेच असतील तर आधी ते छप्पर करा.

हे कसब फक्त समुद्राशीही बांधलेलं नाही. लोटे-परशुराम, महाड इथल्या रसायन कारखान्यांत फायबरच्या टाक्या, पाइप, टाक्यांचं आतलं अस्तर, सगळं याच मॅट (काचेच्या तंतूंची चादर) आणि रेझिनचं असतं. ज्याचा हात होडीवर बसला त्याला तिथलं काम नवीन राहत नाही. मांडव्याच्या बाजूला स्पीडबोटी आणि यॉट आहेत, गोव्यात फायबर बोटी बांधणारी यार्डं आहेत. वडिलांना हे जरूर सांगा. मुलगा होडी दुरुस्त करायला शिकला म्हणजे तो दर्यातच अडकला, असं होत नाही.

कोर्सचं मात्र सरळ उत्तर नाही. 'फायबर होडी दुरुस्ती' असा एक कोर्स करून कारागीर होता येईल, असं मी सांगणार नाही. हे काम यार्डात, शिकवणाऱ्याच्या शेजारी उभं राहून येतं. पण हातात कागद हवा, म्हणून मी त्याला आयटीआयचा मेकॅनिक डिझेल ट्रेड सुचवीन. बिघडलेली होडी बहुतेक वेळा बिघडलेल्या इंजिनासकटच येते आणि दोन्ही बघणारा माणूस गावाला हवाच असतो. मत्स्यव्यवसाय विभागाच्या प्रशिक्षण केंद्रांत नौकानयन आणि सागरी डिझेल इंजिनाचं सहा महिन्यांचं प्रशिक्षण मिळतं, तेही चौकशी करण्यासारखं आहे. पुढे साहित्याच्या शास्त्रातच रस वाटला तर सिपेट या केंद्रीय संस्थेत प्लास्टिक तंत्रज्ञानाचे डिप्लोमा आहेत. होडीच्या आराखड्यात रमला तर कोचीच्या विद्यापीठात नेव्हल आर्किटेक्चरची बी.टेक. आहे, पण त्यासाठी गणित पुन्हा कसून करावं लागेल. ५८ टक्क्यांवर आज तो विषय काढू नका, दोन वर्षांनी तो स्वतः काढेल तर काढू दे.

इथून पुढे पत्र त्याच्या हातात द्या.

बाळा, रंगाचा डबा अजून आणला नसशील तर आणूच नकोस. आधी होडी वाजवून बघ. नाणं किंवा प्लास्टिकची हातोडी घेऊन नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागपर्यंत वीतभर अंतराने टकटक करत जा. चांगला थर टणक वाजतो, सुटलेला थर बद्द वाजतो. बद्द जागा खडूने गोल करत जा, दिवस लागला तरी चालेल. मग ट्रान्सम. बोल्टांच्या भोकांतून ओला भुसा निघाला तर आतलं प्लाय गेलंय, ते सगळं काढायचं. कडेचं थोडं बरं दिसतंय म्हणून ठेवायचं नाही.

ठिगळ मारताना निरोगी थर लागेपर्यंत घास आणि कडा उतरती कर, जाडीच्या १२ पट. तळ ६ मिलिमीटर जाड असेल तर भोकाच्या चहूबाजूंनी सुमारे ७२ मिलिमीटर उतार. नवखी मुलं इथेच कंटाळतात, कारण बोटभर भोकासाठी ताटाएवढी जागा घासावी लागते. पण जुन्या पॉलिस्टरवर नवं रेझिन रसायनाने जोडलं जात नाही, ते खरखरीत पृष्ठभागाला धरून राहतं. घासलेलं क्षेत्र हीच तुझ्या ठिगळाची पकड. चौरस मीटरला ४५० ग्रॅम वजनाच्या मॅटचा एक थर साधारण १ मिलिमीटर भरतो, त्यावरून किती थर लागतील ते काढ. सगळे एकदम चढवू नकोस, रेझिन स्वतःच तापतं. माझ्या एका विद्यार्थ्याने डब्यात एकदम जास्त रेझिन कालवलं आणि डब्यातूनच धूर निघाला. एक किलो रेझिनला १० ते २० ग्रॅम हार्डनर, काट्यावर मोजून, अंदाजाने नाही. ओल तपासायला घासलेल्या जागेवर पारदर्शक प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटवून रात्रभर ठेव. सकाळी आतून घाम दिसला तर अजून थांब.

होडीला हात लावण्याआधी मॅट-रेझिनच्या फूटभर लांबीच्या चार-पाच पट्ट्या बनव. एक नीट, एक कमी हार्डनरची, एक रोलर न फिरवता हवा आत ठेवून, एक मुद्दाम ओल्या तुकड्यावर. आठवड्याने सगळ्या हातोडीने फोड आणि कशी कुठून सुटली ते वहीत लिही. त्याच वहीत रोजचे तास, रेझिनचे किलो, पेपर-डिस्कचा खर्च टाक. कामाचा दर सांगायची वेळ येईल तेव्हा तीच वही उघडशील.

आणि वडिलांच्या प्रवासी होडीच्या पाण्याखालच्या भागाला पहिली दोन वर्षं एकट्याने हात लावायचा नाही. तिच्यात दुसऱ्यांची लेकरं बसतात. तुझी स्वतःची होडीसुद्धा रीतसर नोंदणी आणि तपासणी झाल्याशिवाय माणसं घेऊन निघणार नाही, हे आईला शब्द देऊन सांग.

ताई, काकांना एक वर्षाने कळवतो म्हणा. त्या वर्षात आयटीआयचा प्रवेश, आणि सुट्टीच्या दिवशी एखाद्या यार्डात हाताखाली काम. प्रवेशाचे अर्ज पावसाच्या तोंडावर निघतात, त्यामुळे दाखल्यांची जुळवाजुळव याच आठवड्यात करा. आणि ट्रान्सम उघडला की आत काय निघालं, ते मला नक्की कळवा.