बाहेरचा डॉक्टर म्हणून मत देताना

प्रश्न : मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे. दुसऱ्या शहरातल्या एका खासगी रुग्णालयाने तिथल्या एका सर्जनच्या सांधेबदलाच्या पाच केसेस तपासून मत द्यायला सांगितलं आहे. बाहेरचा, तटस्थ माणूस हवा म्हणतात. केसपेपर आणि एक्स-रेचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आलेत, रुग्णांच्या नावांसकट. 'आधी फोनवर सांगा, रिपोर्टचं मग बघू,' असं वैद्यकीय अधीक्षकांचं म्हणणं. करारबिरार काही नाही. हा सर्जन आणि मी एकत्र रेसिडेन्सी केली. तेव्हापासूनच तो घाईचा. उद्या त्याने अब्रुनुकसानीचा दावा ठोकला तर? रिपोर्ट गोपनीय राहतो ना?

उत्तर : डॉक्टर, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. नाही, रिपोर्ट गोपनीय राहील याची खात्री धरू नका.

अमेरिकेत १९८६ च्या केंद्रीय कायद्याने डॉक्टरांचं काम तपासणाऱ्या परीक्षण समितीला, आणि तिला करारावर मदत करणाऱ्या बाहेरच्या डॉक्टरलाही, काही अटींवर नुकसानभरपाईच्या दाव्यांपासून संरक्षण दिलं आहे. गोपनीयतेची तरतूद तिथल्या राज्यांच्या कायद्यांत असते. नेटवर 'पीअर रिव्ह्यू' (डॉक्टरांनीच डॉक्टरचं काम तपासणं) शोधलं की हेच वाचायला मिळतं आणि आपल्याकडेही तसंच असेल असं वाटतं. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही. न्यायालय किंवा पोलीस भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली कागद मागवू शकतात, ग्राहक आयोगही मागवू शकतो. वर 'अत्यंत गोपनीय' असा शिक्का मारून फरक पडत नाही.

आता यातला खरा पेच. जेकब मॅथ्यू खटल्यात (२००५) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, डॉक्टरविरुद्धची खासगी फौजदारी तक्रार दाखल करून घेण्याआधी दुसऱ्या सक्षम डॉक्टरचं विश्वासार्ह मत समोर असायला हवं. हे डॉक्टरांच्या संरक्षणासाठीच. पण पाचांपैकी एखाद्या रुग्णाच्या नातेवाइकांच्या हाती तुमचा रिपोर्ट लागला, तर त्यांना हवं असलेलं ते मत आयतंच मिळालं. तुम्ही लिहिलं रुग्णालयाच्या सुधारणेसाठी, आणि ते जोडलं जाईल तक्रारीला.

म्हणून भाषा जपा. 'निष्काळजीपणा' हा कायद्याचा निष्कर्ष आहे, तो काढायचं काम तुमचं नाही. त्याच निकालातली कसोटी सर्वसाधारण सक्षम डॉक्टरची आहे, सर्वोत्तम डॉक्टरची नाही. त्यामुळे 'मी असतो तर वेगळं केलं असतं' हे वाक्यही फारसं कामाचं नाही. 'रुग्णाकडे दीड तास कोणी फिरकलं नाही' असं लिहू नका. लिहा : 'रक्तस्रावाची नोंद १.४० ची, पुढची नोंद ३.१५ ची, मधल्या वेळेची नोंद मला दिलेल्या कागदांत नाही.' ती नोंद नर्सिंग चार्टवर असू शकते आणि त्या पानाचा फोटो काढायचा राहिला असू शकतो. एका उलटतपासणीत तज्ज्ञ डॉक्टरला विचारलेला पहिलाच प्रश्न मी ऐकला आहे : 'नर्सिंग चार्ट पाहिला होतात?' त्यांनी पाहिला नव्हता. पुढचे प्रश्न मग औपचारिकच राहिले.

फोनवर मत मुळीच देऊ नका. समितीच्या इतिवृत्तात 'बाहेरच्या तज्ज्ञांच्या मते सर्जन अकार्यक्षम' असं कोणीतरी लिहील, आणि आपण नेमकं काय म्हणालो होतो हे दाखवायला तुमच्याकडे चिटोरंही नसेल. नेमणुकीचं पत्र, तपासायचे मुद्दे, दिलेल्या कागदांची यादी, दावा झाल्यास खर्च रुग्णालय उचलेल अशी हमी, हे सगळं आधी लेखी घ्या. अर्थात हमीने पैसे मिळतात. अब्रुनुकसानीची फौजदारी तक्रार झाली, तर आरोपी म्हणून उभं राहायचं ते तुम्हालाच. तुमची प्रोफेशनल इन्डेम्निटी पॉलिसी, म्हणजे व्यवसायातल्या दाव्यांसाठीचा विमा, तीही वाचा. ती तुम्ही केलेल्या उपचारांपुरतीच असेल, तर हे काम तिच्यात बसणार नाही.

अब्रुनुकसानी. दावा लावण्यापासून कोणालाही अडवता येत नाही, तो टिकतो का एवढंच बघायचं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मधला नववा अपवाद तुमच्या कामाचा आहे : इतरांच्या हितरक्षणासाठी किंवा सार्वजनिक हितासाठी सद्भावनेने केलेलं विधान. पण कायद्यातल्या 'सद्भावने'ला नुसतं मन स्वच्छ असून चालत नाही, योग्य ती काळजी घेतलेली लागते. पाच केसेसचे अर्धेमुर्धे फोटो बघून दिलेलं मत तिथेच लंगडं पडतं.

आणि मनाचं म्हणाल तर तुमच्याच पत्रातलं ते वाक्य पाहा : 'तेव्हापासूनच तो घाईचा.' मी त्या सर्जनचा वकील असतो, तर दुसरं काही शोधलंच नसतं. फाइल उघडण्याआधीच तुमचं मत झालेलं आहे. ते खरंही असेल, पण मग तुम्ही रुग्णालयाला हवा असलेला तटस्थ माणूस नाही. जुनी ओळख लेखी कळवून निर्णय त्यांच्यावर सोडता येईल, पण माझा सल्ला सरळ नकार देण्याचा आहे.

नकाराचं पत्र दोन ओळींचं : 'संबंधित डॉक्टर माझ्या परिचयाचे असल्याने हे काम स्वीकारू शकत नाही. पाठवलेली कागदपत्रं मी कोणालाही दाखवलेली नाहीत.' घाईबद्दल अवाक्षर नको. रुग्णाची गुपितं सांभाळायचं बंधन २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेने तुमच्यावरही घातलं आहे, तेव्हा त्या फोटोंचं काय करायचं हे रुग्णालयाला त्याच पत्रात विचारा आणि लेखी उत्तर आल्यावरच ते काढून टाका. फोनच्या गॅलरीत आपोआप साठलेल्या प्रतीही बघा.