टेबलाखालचा लायसन्स सर्व्हर

तुमची पोस्ट वाचली आणि काही वर्षांपूर्वीची मीच समोर आले. चार विभागांना मिळून सांख्यिकीचं एकच सॉफ्टवेअर पॅकेज घ्यायचंय, प्रत्येकाचं लाडकं वेगळं, आणि त्याच बैठकीत "ते सिक्युरिटीचंही तुम्हीच बघा" म्हणून दुसरं लचांड तुमच्या गळ्यात. पॅकेज कुठलं घ्यावं असं विचारलंय, त्यावर शेवटी येते. अपडेट, बॅकअप, दुहेरी लॉगिन यावर काही लिहीत नाही, ते तुम्ही करत असणारच.

(मी संगणकशास्त्राची नाही, प्रयोगशाळा सांभाळता सांभाळता यात पडले. कराराच्या कलमांबाबत माझ्यावर विसंबू नका.)

आम्ही फ्लोटिंग लायसन्स घेतलं होतं. पॅकेज हव्या तितक्या मशीनवर टाका, पण एका वेळी ठरावीक जणांनाच उघडणार, आणि ती मोजदाद ठेवणार लायसन्स सर्व्हर. हा सर्व्हर म्हणजे प्रयोगशाळेतल्या टेबलाखाली सरकवलेला एक जुना डेस्कटॉप. लोक त्यावर पाय ठेवून बसायचे. लायसन्स फाइल त्या मशीनच्या मॅक ॲड्रेसला (नेटवर्क कार्डाच्या ओळख क्रमांकाला) बांधलेली. खरेदीच्या कागदांवर सगळ्याची नोंद "सॉफ्टवेअर" अशी, त्यामुळे सर्व्हरच्या यादीत तो डबा कधी आलाच नाही.

प्रात्यक्षिक परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी वीज गेली, मशीन पुन्हा सुरू झालं आणि एकाही टेबलावर पॅकेज उघडेना. हे सगळं फ्लेक्सनेट या लायसन्स सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालतं, जुन्या लोकांच्या तोंडी अजून फ्लेक्सएलएमच आहे. त्यात दोन प्रोग्रॅम असतात. मुख्य मॅनेजर सहसा २७००० ते २७००९ यांपैकी एका पोर्टवर, म्हणजे मशीनच्या एका क्रमांकाच्या दारावर, बसतो. दुसरा पॅकेजवाल्या कंपनीचा डीमन, म्हणजे पडद्यामागे सतत चालणारा प्रोग्रॅम. त्याला पोर्ट नेमून दिला नसेल तर दर वेळी सुरू होताना मिळेल तो पोर्ट धरतो. फायरवॉलमध्ये (नेटवर्कच्या राखणदारात) जुना पोर्ट उघडा, आणि हा पठ्ठ्या भलतीकडेच जाऊन बसलेला.

मला तेव्हा यातलं ओ की ठो कळत नव्हतं. रात्री साडेनऊला नेटवर्क सांभाळणाऱ्याला फोन केला आणि त्या मशीनचे सगळे पोर्ट उघडायला लावले, तेही बाहेरच्या जगाला, कारण काही संशोधक विद्यार्थी घरून काम करायचे. फायरवॉलमधल्या या नियमाच्या शेऱ्यात काय लिहायचं असं त्याने विचारलं. मी सांगितलं, "तात्पुरतं, परीक्षेनंतर काढणे." परीक्षा झाली, निकाल लागले, पुढची तुकडी आली. नियम १४ महिने तिथेच होता.

त्या मशीनवर रिमोट डेस्कटॉप (दुरून मशीन वापरायची सोय) चालू होता. ॲडमिनचा पासवर्ड कपाटाच्या दारावर पिवळ्या चिठ्ठीवर, कारण चारही विभागांचे सहायक तोच वापरायचे. अंदाजाने सापडावा इतका सोपा, आणि आणखी दोन सर्व्हरवरही तोच. पुढचं सांगायला नकोच, बाहेरचं कोणीतरी आत शिरलं. लायसन्स फाइलमधल्या व्हेंडरच्या ओळीत पोर्टचा एक आकडा टाकला असता तर यातलं काहीच झालं नसतं. डीमन त्या पोर्टवरच बसला असता, फायरवॉलमध्ये दोन पोर्ट पुरले असते, तेही फक्त आतल्या नेटवर्कला. घरून काम करणाऱ्यांना व्हीपीएन, म्हणजे बाहेरून आतल्या नेटवर्कमध्ये यायची सुरक्षित वाट.

खरा मनस्ताप मात्र त्यानंतरचा. जुना डबा मोडीत काढून नवं मशीन आणलं, म्हणजे मॅक ॲड्रेस बदलला, म्हणजे लायसन्स फाइल नवी हवी. ती देणारं एक कार्यालय आहे, नाव घेत नाही. ज्यांच्या नावे मूळ नोंदणी, त्यांच्याच ईमेलवरून अर्ज हवा म्हणाले. ते सर निवृत्त, मेलबॉक्स बंद. विद्यापीठाचं पत्र पाठवलं, तर दर उत्तरात नवा तिकीट क्रमांक आणि खाली तोच फॉर्म. १९ दिवस! पैसे भरलेलं पॅकेज आणि विद्यार्थी कागदावर प्रमाण विचलन काढतायत. अजून आठवलं तरी डोकं तापतं. असो.

म्हणून ठाम सांगते (तुमच्याकडचे नियम वेगळे असतील, तपासून घ्या): नोंदणी व्यक्तीच्या नावे नको, पदाच्या ईमेलवर करा. लायसन्स सर्व्हर व्हर्च्युअल मशीनवर (खऱ्या मशीनच्या आत सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या मशीनवर) चालवायची परवानगी करारात मागा, म्हणजे हार्डवेअर बदललं तरी मॅक ॲड्रेस तोच ठेवता येतो. काही कंपन्या नाही म्हणतात. विद्यापीठाच्या एकाच लॉगिनने पॅकेज चालतं का, हे विक्रेत्याला पहिल्या भेटीत विचारा. तो "रोडमॅपवर आहे", म्हणजे पुढे कधीतरी येईल, म्हणाला की उत्तर "नाही" असं समजा.

असला कोपऱ्यातला सर्व्हर कोण शोधतंय, असं आमच्या समितीतही म्हणायचे. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट विद्यापीठाचं उदाहरण द्या. ऑक्टोबर २०१९ मध्ये फसव्या मेलमधली लिंक उघडली गेली, अपडेट राहून गेलेल्या सर्व्हरवरून हल्लेखोरांनी पूर्ण ताबा मिळवला आणि ऐन नाताळाच्या तोंडावर सगळं कुलूपबंद. ३० बिटकॉइन मोजून सुटका झाली.

जाता जाता, दर ९० दिवसांनी पासवर्ड बदलायची सक्ती कोणी सुचवली तर विरोध करा. पिवळ्या चिठ्ठ्या त्यातूनच जन्मतात. अमेरिकेच्या निस्टनेही (मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने) २०१७ पासून सांगितलंय की पासवर्ड फुटल्याचं दिसलं तरच बदलायला लावा.

आता पॅकेज. शिकवण्यासाठी मी 'आर' हे सांख्यिकीचं मोफत सॉफ्टवेअर घेईन, लायसन्स सर्व्हरच नको. मोफत आहे म्हणून सांभाळायला माणूस लागत नाही असं मात्र नाही. सशुल्क पॅकेज ज्यांचं त्यावाचून अडतं त्यांच्यापुरतं, आणि किती जागा (एका वेळी किती जणांना उघडता यावं) ते विभागप्रमुखांना विचारून ठरवू नका, प्रत्येक जण दुप्पट सांगतो. सध्या एखादं फ्लोटिंग पॅकेज असेल तर त्याच्या लायसन्स लॉगमध्ये कोणी कधी घेतलं, कधी सोडलं, कोणाला नाकारलं, सगळं असतं. मागच्या सत्राचा लॉग काढा आणि एका वेळी जास्तीत जास्त किती जण होते ते बघा. आम्ही ६० जागांचे पैसे भरत होतो, आकडा निघाला २२.

लॉग कुठे सापडतो ते कळलं नाही तर इथेच विचारा. आणि आधी टेबलाखाली बघून घ्या.