गोव्यात कुंडीतला कढीपत्ता नुसता उंच वाढतो आणि पावसाळ्यात पिवळा पडतो. ताक घालू का?

ताक नको, कात्री घ्या.

तुम्ही लिहिलंय की पर्वरीच्या बाल्कनीतलं रोप छातीएवढं झालंय, पण पानं फक्त शेंड्याला. शेंडा शाबूत असतो तोवर झाडाचा सगळा जोर तिकडेच जातो. फोडणीपुरती खालची चार पानं ओरबाडत राहिलात, तर खोड उघडं पडतं आणि फांदी काही फुटत नाही. हाच वाद आमच्या घरात वर्षानुवर्षं चाललाय. वहिनीचं ठाम मत, 'कढीपत्त्याला लोखंड लावायचं नाही, झाड मरतं.' फोंड्याला तिच्या परसातलं झाड कौलांपर्यंत पोचलं, पानं काढायला आकडी लागायला लागली, तेव्हा कुठे फेब्रुवारीत ते गुडघ्याच्या उंचीवर कापू दिलं. काप तिरका, धारदार करवतीने, वर बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा बुरशीनाशक लेप. खालच्या सालीतून पोपटी कोंबांचे झुबकेच्या झुबके निघाले. त्यातले बाहेरच्या बाजूला झुकलेले पाच-सहा ठेवले, बाकीचे नखाने खुडले. कोंब वीतभर झाले की त्यांचेही शेंडे खुडायचे, तेव्हा झुडूप भरतं. आता चवथीला शेजारीपाजारी तिथूनच डहाळ्या नेतात. झाड मेलं नाही, वहिनी!

तेव्हा तोडायचं ते पान नव्हे, पूर्ण डहाळी, आणि तीही एखाद्या पानाच्या अगदी वर कापून. पानंच हवी असतील तर पांढऱ्या फुलांचे गुच्छही कळीतच काढा.

पावसाळ्यातल्या पिवळेपणाचं मूळ बहुतेक वेळा कुंडीच्या तळाशी असतं. जून ते सप्टेंबरात इथे सुमारे 3000 मिमी पाऊस पडतो. भोक बुजलेलं असेल तर मुळं गुदमरतात. कुंडी विटांवर उचला, खालची बशी काढून टाका. माती बदलायची तर दोन भाग लाल माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग जाड रेती. कुंडी 16 ते 18 इंची. फक्त जुनी, खालची पानं पिवळी होत असतील तर नत्र (नायट्रोजन) धुपलंय; ऑक्टोबर ते मे या काळात दर महिन्याला दोन मुठी शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड द्या. जुन्याच पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडला तर मॅग्नेशियम सल्फेट, लिटरला 5 ग्रॅम, पानांवर फवारा. कोवळी पानं तशी दिसली तर लोह मिळत नाहीये. कुंडीत बांधकामाचा चुना-सिमेंट मिसळलाय का पाहा.

नवी पालवी वळून चिकट झाली, पांढरे मेणाचे धागे दिसले तर ती सिट्रस सिला, लिंबूवर्गीय झाडांचा रस शोषणारी बारीक कीड. ती पालवी खुडून नष्ट करा, मग लिटरला 5 मिली निंबोळी तेल आणि थोडा साबण, संध्याकाळी, आठवड्याने पुन्हा. हीच कीड लिंबावर जाते, म्हणून दोन्ही कुंड्या शेजारी नकोत. पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी लिंबाच्या फुलपाखराची. ती हाताने वेचली की पुरे.

ताकाबद्दल बोलायचं तर वाटीभर ताकात झाडाला पुरेल इतकं नत्र नसतं. ज्यांचं झाड 'ताकाने' सुधारलं, ते त्या निमित्ताने रोज कुंडीकडे बघायला लागले, एवढंच. मीठ घातलेलं ताक तर मुळांना थेट मारक.

हो, एक राहिलं. खोड पेन्सिलीपेक्षा बारीक असेल तर एवढी खोल छाटणी करू नका, फक्त शेंडा खुडा. आणि भर जुलैत मोठा काप अजिबात नको, ओल्या हवेत तो कुजून खोड वरून खाली वाळत येतं. फेब्रुवारीपर्यंत थांबा, तोवर कुंडीला पाच-सहा तास ऊन मिळेल अशी जागा द्या.