हिरा घेताय? आधी दुकानाबाहेर उजेडात नेऊन बघा

लग्नसराई तोंडावर आली की हिऱ्यांबद्दलचे प्रश्न वाढतात. बहुतेकांचा गोंधळ एकाच जागी होतो: आकार आणि कट या दोन गोष्टी एकच धरल्या जातात. गोल, ओव्हल, पेअर, मार्किज, प्रिन्सेस, एमराल्ड हे झाले आकार, म्हणजे वरून बघितल्यावर दिसणारी कड. त्या आकारावर पैलू कोणत्या कोनात आणि किती नेमके पाडलेत, तो कट. आकार ज्याच्या त्याच्या आवडीचा. कटमध्ये मात्र चांगलं-वाईट असतं, आणि पैसे वाया जातात ते तिथेच.

प्रश्न: मुलीच्या साखरपुड्याच्या अंगठीसाठी कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ पेठेत, दोन गोल हिरे बघितले. दोन्ही ५० सेंटचे (अर्ध्या कॅरटचे), कागदावर रंग आणि शुद्धताही सारखी. एकाची रुंदी ५.१ मिलिमीटर, दुसऱ्याची ४.९. पहिला महाग आहे. वजन तेच असताना जास्त पैसे का द्यायचे? (एक वडील, राजारामपुरी)

उत्तर: कारण दुसऱ्या हिऱ्याचं वजन पोटात गेलंय. रिपोर्टवर ‘डेप्थ’ असा आकडा असतो, रुंदीच्या मानाने हिरा किती खोल आहे त्याची ती टक्केवारी. चांगल्या गोल हिऱ्यात ती साधारण ६० ते ६२.५ च्या दरम्यान येते. ४.९ रुंदीत ५० सेंट भरायचे तर खोली ७० च्या आसपास न्यावी लागते, किंवा कंबर, म्हणजे गर्डल, जाड ठेवावी लागते. अंगठीत बसल्यावर हे जादा वजन कोंदणात लपतं. दिसत काहीच नाही, पैसे मात्र त्याचेही मोजायचे.

त्याहून मोठं नुकसान उजेडाचं. अंबाबाईचा किरणोत्सव आपण सगळ्यांनी बघितलाय. मावळतीची किरणं महाद्वारातून सरळ आत येतात आणि देवीच्या पायांपासून चेहऱ्यापर्यंत चढतात. वाटेत एखादं बांधकाम आडवं आलं की तिथंच थांबतात. हिऱ्याचंही सगळं वाटेवर आणि कोनावर अवलंबून. वरून आत शिरलेला उजेड खालच्या पैलूवर पुरेसा तिरपा पडला (लंबापासून मोजलं तर सुमारे २४.४ अंशांहून जास्त) तर तो बाहेर न निसटता सगळाच्या सगळा परत फिरतो. समोरासमोरच्या दोन पैलूंवर आपटून तो माथ्यातून आपल्या डोळ्यात येतो, आणि त्यालाच आपण चमक म्हणतो. १९१९ साली मार्सेल टोल्कोव्स्की यांनी याचं गणित मांडलं: खालच्या पैलूंचा कोन ४०.७५ अंश, वरच्यांचा ३४.५, टेबल, म्हणजे माथ्यावरचा सपाट पैलू, रुंदीच्या ५३ टक्के. आज यात थोडं इकडे-तिकडे चालतं, टेबल ५४ ते ५७ टक्केही उत्तम दिसतं. पण खालचा कोन फार वाढला की हिरा मधोमध काळवंडतो, आणि फार उथळ झाला की टेबलाच्या आत माशाच्या डोळ्यासारखं करडं कडं दिसायला लागतं.

तेव्हा दोन्ही हिरे चिमट्यात धरून दुकानाच्या पायरीवर न्या. आतल्या स्पॉटलाइटखाली काचही चमकते. बाहेर सावलीत उभे राहा, हिरा थोडा पुढे-मागे कलता करा. जो सावलीतही जिवंत राहतो तो तुमचा. हिरा बाहेर न्यायला देताना दुकानदाराला संकोच वाटत असेल तर त्याला सोबत बोलवा. आमच्याकडच्या चांगल्या सराफाला यात काही वावगं वाटत नाही. जमलं तर कट, पॉलिश आणि सिमेट्री तिन्ही ‘एक्सलंट’ असलेला घ्या. बजेट बसत नसेल तर ५० सेंटचा हट्ट सोडा. ४५ सेंटचा नेमका कापलेला हिरा त्या पोटफुग्या हिऱ्यापेक्षा नक्की उजवा दिसेल.

प्रश्न: मला ओव्हल आवडलाय, आई म्हणते हिरा गोलच हवा. ओव्हलमध्ये काही खोट असते का? (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर: खोट नसते, पण पारख जास्त करावी लागते. गोल हिऱ्याला जीआयए, म्हणजे हिरे तपासून रिपोर्ट देणारी अमेरिकेतली संस्था, २००६ पासून कटची श्रेणी देते. ओव्हल, पेअर, मार्किज वगैरेंच्या जीआयए रिपोर्टवर पॉलिश आणि सिमेट्री असते, कटची श्रेणी नसते. म्हणजे कागद अर्धाच बोलतो, उरलेलं डोळ्यांनी बघायचं. बघायचं ते हे: लांबट हिऱ्यात मधोमध, आडवी, बो टायसारखी काळी सावली पडते. थोडी असतेच, हिरा हलवला की ती विरळ होते. हलवूनही तिथंच ठाण मांडून बसली तर तो हिरा परत द्या. लांबी-रुंदीचं प्रमाण १.३५ ते १.५० मधलं बहुतेक बोटांना शोभतं.

एक फायदा आईला सांगा. गोल पाडताना कच्च्या हिऱ्याचं निम्म्याच्या आसपास वजन उडून जातं, म्हणून गोलाचा कॅरटमागे भाव जास्त. एक कॅरटचा गोल साडेसहा मिलिमीटरच्या आसपास असतो, ओव्हल साधारण ७.७ बाय ५.७. बोटावर तो लांब दिसतो, आखूड बोटांवर तर फारच छान.

प्रश्न: मुलाला चौकोनी हिऱ्याची अंगठी करायची आहे. त्याचं दिवसभर फाउंड्रीत काम असतं. प्रिन्सेस घेऊ की एमराल्ड कट? (शिरोली)

उत्तर: प्रिन्सेस नको. हिरा ओरखडत नाही म्हणून तो फुटतही नाही, असं लोक धरून चालतात. त्याच्यात चार दिशा अशा असतात की तिथे नेमका फटका बसला तर तो चिरतो, आणि प्रिन्सेसचे चारही कोपरे टोकदार. सुरुवातीच्या काळात मी असा एक हिरा साध्या प्रॉंगमध्ये, म्हणजे खडा धरणाऱ्या दातांमध्ये, बसवून दिला होता. वर्षभरात एका कोपऱ्याचा कण उडालेला तो हिरा परत आला. ते गिऱ्हाईक काही बोललं नाही, पण मला आजही ते आठवतं. एमराल्ड कटचे कोपरे छाटलेले असतात, शिवाय कड सोन्यात पूर्ण बंद करून घेता येते. मात्र त्याचे पैलू पायऱ्यांसारखे, टेबल मोठं. आतला डाग खिडकीतून दिसावा तसा दिसतो. शुद्धता व्हीएस२ च्या (डाग असले तरी सहसा भिंगातूनच दिसतात अशी श्रेणी) खाली नेऊ नका. आणि भट्टीवर जाताना अंगठी घरीच.

प्रश्न: मंगळसूत्राच्या वाटीत बारीक हिरे बसवायचे आहेत. ‘सिंगल कट’ स्वस्त पडतो म्हणाले. घ्यावा का? (कागल)

उत्तर: सिंगल कटला १७-१८ पैलू, फुल कटला ५७-५८. अगदी मोहरीएवढ्या खड्यात सिंगल कट वाईट दिसत नाही, त्याची चमक थोडी पण ठळक असते. दोन सेंटच्या वर खडा असेल तर फुल कटच मागा, आणि एका वाटीत दोन्ही मिसळू देऊ नका. बिलावर कट लिहून घ्या.

प्रश्न: आजीच्या सात हिऱ्यांच्या कुड्या माझ्याकडे आल्यात. हिरे मंद दिसतात, मधोमध बारीक भोक असल्यासारखं वाटतं. सराफ म्हणतात मोडून नवीन घ्या, नाहीतर हिरे पुन्हा कापून घ्या. (एक ताई, गडहिंग्लज)

उत्तर: ताई, थांबा. काहीच करू नका.

तुम्ही पाठवलेला फोटो मी मोठा करून बघितला. खड्यांचा माथा उंच, टेबल लहान, कड गोल नाही तर उशीसारखी, आणि प्रत्येकाची किंचित वेगळी. ते भोक नाही. पूर्वी हिऱ्याचं खालचं टोक छाटून सपाट ठेवत, तो लहानसा पैलू वरून टेबलातून दिसतो. याला ओल्ड माइन कट म्हणतात. तो हातानं, डोळ्याच्या अंदाजानं पाडलेला आहे, समईच्या आणि मेणबत्तीच्या उजेडासाठी. पांढऱ्या ट्यूबखाली तो मंद वाटणारच. रात्री घरातले दिवे मालवून एक समई लावा आणि कुड्या घालून आरशासमोर मान हलवा. मोठमोठे, सावकाश, रंगीत लखाखे दिसतील. आजच्या हिऱ्यात ते बारीक चुऱ्यासारखे विखुरतात.

पुन्हा कापायचं तर वजन जाईल, आणि या जुन्या हिऱ्यांच्या जागी कुठल्याही दुकानात मिळतील असे हिरे तुमच्या हातात येतील. जुना हिरा म्हणजे गोवळकोंड्याचाच, असंही लगेच धरू नका. १७२० च्या दशकापासून ब्राझीलचे आणि १८६७ नंतर दक्षिण आफ्रिकेचेही हिरे बाजारात आले.

मंदपणाचं दुसरं कारण मळ असू शकतं. हिऱ्याला तेल फार लवकर चिकटतं. पण आधी कुडी उलटी करून बघा. मागून कोंदण उघडं असेल तर कोमट पाणी, भांड्याचा साबण दोन थेंब आणि मऊ ब्रश पुरे. मागून सोन्यानं बंद असेल तर पाण्यात अजिबात बुडवू नका. आत खड्याखाली डांक, म्हणजे चकाकी देणारा पातळ पत्रा, असू शकतो. पाणी शिरलं की तो काळा पडतो आणि हिरा कायमचा विझल्यासारखा दिसतो. जुनं काम जाणणाऱ्या कारागिराकडून तो बदलून घेता येतो. जाल तेव्हा फिरकीचे आटेही तपासून घ्या. या वयाच्या कुड्यांमध्ये ते झिजलेले असतात, आणि एक कुडी पडली तर तिला जोड मिळणं फार अवघड.