जनुकीय सुधारित वाण: ताटातली शंका आणि शेतातला धोका

दादरच्या मंडईतली बिनबियांची कलिंगडे आणि रंगीत ढोबळी मिरची जनुकीय सुधारित असते का, आणि ती लहान मुलांना द्यावी का, असे आपण विचारले आहे. मुलांना ती निर्धास्तपणे द्यावी. बिनबियांचे कलिंगड गुणसूत्रांचे चार संच असलेल्या वाणाचा साध्या वाणाशी संकर करून मिळते. रंगीत मिरचीही संकरितच असते. म्हणजे दोन्हींत बाहेरून जनुक घातलेले नसते, ती जनुकीय सुधारित नाहीत. वांग्याच्या बीटी वाणाला, म्हणजे अळी मारणारे प्रथिन बनवणारे जिवाणूचे जनुक घातलेल्या वाणाला, फेब्रुवारी २०१० मध्ये स्थगिती मिळाली, त्यामुळे आपल्याकडे शेतकऱ्यांच्या हाती अधिकृतपणे पोहोचलेले जनुकीय सुधारित पीक आजवर कापूस हेच आहे.

तरीही हे तंत्रज्ञान मुंबईच्या घरांत केव्हाच आलेले आहे. मधुमेही माणूस टोचून घेतो ते मानवी इन्सुलिन जनुक घातलेल्या जिवाणूंकडून किंवा यीस्टकडून तयार होते, आणि १९८२ पासून ते वापरात आहे. फरसाण तळायला वापरतात ते सरकीचे तेलही बहुधा बीटी कापसाचेच असते. मात्र शुद्धीकरणानंतर त्यात प्रथिन जवळपास उरत नाही. बीटीचे प्रथिन अळीच्या अल्कधर्मी आतड्यात काम करते. माणसाच्या आतड्यातील पेशींवर त्याला चिकटायला लागणारे ग्राहक (रिसेप्टर) नसतातच. म्हणून आरोग्याची भीती मला गौण वाटते, अर्थात प्रत्येक नव्या वाणाची तपासणी स्वतंत्रपणे झालीच पाहिजे.

खरी काळजी शेताची आहे. बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली, हिरव्या बोंडअळीसाठीच्या फवारण्या घटल्या, आणि हा लाभ नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पण बीटी बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम साधे बियाणेही मिळत असे. ते कडेने पेरायचे, म्हणजे तिथे वाढलेल्या, बीटीच्या विषाला बळी पडू शकणाऱ्या पतंगांचा त्या विषाला दाद न देणाऱ्या पतंगांशी संकर होत राहतो आणि प्रतिकारशक्ती सावकाश पसरते. अनेकांनी ते पेरलेच नाही. त्यात पाणी असलेल्या ठिकाणी फरदड राखली गेली, म्हणजे वेचणी झाल्यावरही कापसाचे पीक शेतात तसेच ठेवले गेले, आणि गुलाबी बोंडअळीला हंगाम संपल्यावरही खाद्य मिळत राहिले. २०१७ मध्ये महाराष्ट्रात तिने प्रचंड नुकसान केले. बाहेरून धडधाकट दिसणारे हिरवे बोंड फोडावे, तर आत अळी सरकी पोखरत बसलेली असते आणि फवारणी तिच्यापर्यंत पोहोचत नाही. दोष जनुकाचा नव्हता. बियाणे विकून मोकळ्या झालेल्या आणि देखरेख न ठेवणाऱ्या व्यवस्थेचा होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याहून गंभीर म्हणजे तणनाशक-सहनशील, म्हणजे तणनाशक फवारले तरी न मरणाऱ्या, कापसाचे चोरटे बियाणे. त्याला मंजुरी नाही, तरीही निंदणीची मजुरी वाचते म्हणून ते घेतले जाते. ते बिलाशिवाय मिळते, त्यामुळे उगवले नाही तर शेतकऱ्याला कुठेच दाद मागता येत नाही, आणि ते कुठल्या गावात किती पेरले गेले याची नोंदही राहत नाही.