नोकरी जमते, मग घर का सुटतं?

तुझा प्रश्न दोनदा वाचला. चार महिन्यांपूर्वी एडीएचडीचं, म्हणजे लक्ष टिकवायला जड जाणाऱ्या मेंदूच्या ठेवणीचं, निदान झालं, सकाळी त्यावरच्या मिथाइलफेनिडेट या औषधाची साधी गोळी घेतेस, ऑफिसात बराच फरक पडलाय. पण घरी दूध उतू जातंच, पाण्याचा दिवस हुकतो, वह्या आणि ॲप दहा दिवसांच्या वर टिकत नाहीत. सासूबाई म्हणतात, "नोकरी बरोबर जमते की, मग घरचंच कसं विसरतेस?" आणि शेवटी तू विचारलंयस, माझ्यातच खोट आहे का.

नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण बाकीचं वाचताना तेच डोक्यात घोळत राहिलं तर काही आत जायचं नाही.

मी ४६ वर्षांची आहे, तुला अगं-तुगं करतेय, राग मानू नकोस. मीही सोलापूरचीच, पूर्व भागातली. घराला लागूनच आमचं शाळेच्या गणवेशांचं शिलाईचं काम आहे, नऊ मशिनी. माझं निदान ३८व्या वर्षी झालं, तेही थोरल्याला दाखवायला घेऊन गेले होते म्हणून. डॉक्टर त्याच्याबद्दल एकेक विचारत होते. सांगितलेलं अर्ध्यात विसरतो का, वस्तू हरवतो का, समोर बोलणं चालू असताना मन भलतीकडे जातं का. प्रत्येक प्रश्नाला माझ्याच पोटात कालवत होतं. एडीएचडीत आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, त्यामुळे पोराच्या तपासणीत आईचं किंवा बापाचं निघणं नवलाचं नाही. पुढच्या खेपेला त्यांनी माझी जुनी प्रगतिपुस्तकं आणायला सांगितली, कारण निदानासाठी काही लक्षणं १२ वर्षांच्या आत दिसलेली असावी लागतात. चौथीच्या पुस्तकात बाईंनी लिहिलेलं सापडलं: "हुशार आहे पण लक्ष देत नाही." थायरॉइड, रक्तातलं लोह, झोप हे सगळं तपासून मगच त्यांनी नाव दिलं. तुझंही तपासलं असेलच, नसेल तर विचार. यांतल्या बिघाडामुळेही डोकं असंच चालेनासं होतं.

आता सासूबाईंचा प्रश्न. त्यांनी टोमणा म्हणून विचारला असेल, पण प्रश्न अगदी नेमका आहे, आणि त्याला दोन सरळ उत्तरं आहेत.

पहिलं गोळीचं. साध्या गोळीचा असर तीन-चार तासच टिकतो. औषध हळूहळू सोडणारी जी गोळी असते, तिचा आठ ते बारा तास. तू सकाळी आठला गोळी घेतेस आणि सहा-साडेसहाला घरी पोचतेस. म्हणजे संध्याकाळचा स्वयंपाक, दूध, उद्याचा डबा हे सगळं तू औषधाविना करतेस, दिवसभराचा थकवा घेऊन. काहींना तर असर उतरताना तासभर जास्तच चिडचिड होते. डॉक्टरांना पुढच्या वेळी "बरं वाटतंय" एवढंच सांगू नकोस. किती वाजेपर्यंत बरं वाटतं आणि किती वाजता सुटतं, आठवडाभराची अशी नोंद दे. वेळ किंवा प्रकार बदलायचा का ते ते ठरवतील. दुपारची दुसरी गोळी आपल्या मनाने सुरू करायची नाही, ती झोपेवर येते. आणि छातीत धडधडत असेल, बीपी वाढलं असेल तर ते न लपवता सांग.

दुसरं उत्तर ऑफिसचं. तिथे तुझ्या टेबलाशेजारी माणसं बसलेली असतात, साहेब चारला फाइल मागणार असतात, जेवणाची वेळ घंटा लावल्यासारखी ठरलेली असते. आठवण ठेवायचं अर्धं काम तिथली भिंतच करते. घरी यातलं काहीच नाही. घरी सगळं तुझ्या डोक्यात ठेवायचं असतं, आणि नेमकं तेच आपल्याला जड जातं. रसेल बार्कले नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी हे फार चांगलं मांडलंय: एडीएचडीत काय करायचं हे माणसाला माहीत असतं, माहीत असलेलं वेळेवर हातून होत नाही. म्हणून आठवणीची खूण काम जिथे घडायचं तिथेच, त्याच क्षणी समोर हवी. दूध उतू जातं ते गॅसपाशी. खोलीतल्या वहीत "दूध बघणे" लिहून त्याचा काय उपयोग?

दुधासाठी मी शिट्टीचं दुहेरी भांडं आणलं. बाहेरच्या पोकळीत पाणी असतं, ते उकळलं की शिट्टी होते. दूध उतू जात नाही, शिट्टी वाजेपर्यंत मी कुठेही असले तरी चालतं. फक्त पोकळीत पाणी घालायचं राहू नये म्हणून ते भांडं धुऊन पाणी भरूनच जागेवर ठेवते. बाकी काहीही गॅसवर असलं की गळ्यात घड्याळ अडकवते, दहा-दहा मिनिटांनी वाजणारं. गळ्यातच, कारण ओट्यावर ठेवलं तर मी मशिनीवर बसल्यावर ते कोण ऐकणार?

पाण्याचा दिवस हे आपल्या गावचं खास दुखणं. नळाला काही दिवसांआड पाणी, त्यात वेळ पुढेमागे. ज्यांच्याकडे रोज पाणी येतं त्यांना कळणार नाही की ते हुकलं म्हणजे काय होतं. माझ्या हातून एका उन्हाळ्यात तीनदा हुकलं. टँकरचे पैसे गेले ते गेलेच, पण सासऱ्यांनी दुपारच्या उन्हात शेजारून घागरी आणल्या, ते अजून डोळ्यांसमोर आहे. तेव्हापासून दोन गोष्टी केल्या. हौद भरला की मोटर बंद करायच्या आधी, तिथेच उभं राहून, फोनमध्ये पुढच्या पाण्याची घंटा लावायची. घरात जाऊन लावू म्हटलं की गेलं. आणि समोरच्या अक्कांना सांगून ठेवलं, "तुमची मोटर लागली की मला हाक मारा." सुरुवातीला लाज वाटली. पण त्यांना मी दर रविवारी फोनवरून त्यांच्या मुलीला व्हिडिओ कॉल लावून देते, त्यांना ते जमत नाही. कुणाला काय जमत नाही हे एकमेकींना माहीत असलं की देणंघेणं सोपं होतं.

माणूस शेजारी असण्याचा आपल्यावर काय परिणाम होतो, ते मला आईमुळे कळलं, फार उशिरा. आई बिड्या वळायची. दुपारी गल्लीतल्या सात-आठ बायका एकाच ओट्यावर मांडीवर सूप घेऊन बसायच्या. पानं कापायची, तंबाखू भरायची, दोरा बांधायचा. मजुरी हजारामागे. तिथे आईचं हजार वेळेत व्हायचं. पाऊस लागला आणि ती घरात एकटी वळायला बसली की सूप तसंच राहायचं, ती मधेच उठून कपाट आवरायला घ्यायची, रात्री वडील ओरडायचे. तिच्या या त्रासाला कुणी कधी नाव दिलं नाही, आता ती नाही. इंग्रजीत याला बॉडी डबलिंग म्हणतात: दुसरं माणूस नुसतं शेजारी बसून आपलं काम करत असलं तरी आपण टिकतो. मी बिलं आणि जीएसटीचे कागद घेते तेव्हा सासूबाई पलीकडे तांदूळ निवडायला बसतात. आम्ही बोलत नाही. चाळीस मिनिटांत जे होतं ते एकटीने चार दिवसांत झालं नसतं. तुझ्याकडेही सासूबाई आहेत. "मला आठवण करून देत जा" असं त्यांना सांगू नकोस. मग त्या सारख्या सांगत राहतील, तू चिडशील, आणि दोघींचं फाटेल. "मी डबे भरते तेव्हा भाजी निवडायला इथे बसाल का?" एवढंच विचार.

आता वह्या आणि ॲप. इथे तुझी चूक शोधण्यात तू फार शक्ती घालवतेयस. आपल्यासारख्यांची कुठलीही पद्धत कायमची टिकत नाही. नवी असते तेव्हा तिच्यात गोडी असते, गोडी गेली की हात तिकडे वळत नाही. त्यात गड्ड्याच्या जत्रेला पाहुणे आले, आमच्याकडे मे-जूनचा गणवेशांचा हंगाम आला, कुणी आजारी पडलं की ती मोडतेच. मी आठ वर्षांत अशा किती तरी मोडलेल्या पाहिल्या. त्रास मोडण्याचा नसतो, त्यानंतरचा असतो. वहीत १२ तारखेनंतर कोरी पानं दिसतात. ती बघवत नाहीत म्हणून आपण वही उघडत नाही, आणि "आता सोमवारपासून नवी" म्हणतो. तो सोमवार दोन महिन्यांनी येतो.

म्हणून मी पाटी लावली. शाळेची साधी पाटी, स्वयंपाकघराच्या दाराशी, खाली मापाचा खडू दोऱ्याने बांधलेला. त्या दिवसाच्या कामांच्या तीन ओळी, चौथी नाही. पाटीला कालचं काही आठवत नाही. आठ दिवस हात लावला नसला तरी ओल्या फडक्याने पुसली की ती पहिल्या दिवसासारखीच असते. मध्ये एकदा सबंध जून पाटी कोरी होती. एका शाळेची मापं फोनवर ऐकून, न लिहिता, मी साठ पिनो (मुलींचे बिनबाह्यांचे गणवेश) मागच्या वर्षीच्या मापांनी कापल्या त्याच महिन्यात. कापड वाया गेलं, कारागिरांना रात्रपाळी करावी लागली. मी दोन दिवस कुणाशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी पाटीवर लिहिलं: "फोनवर माप घ्यायचं नाही." आता ऑर्डर देणाऱ्याला नम्रपणे सांगते, व्हॉट्सॲपवर लिहून टाका, मगच कापड टेबलावर येईल. सगळे टाकतात. कुणी अजून नाराज झालेलं नाही.

जेवणाचं विसरू नकोस. या गोळीने दुपारी भूक मरते, आणि उपाशी पोटी संध्याकाळी डोकं आणखी सुटतं. मी गोळीच्या आधी पोटभर नाश्ता करते. घरात कडक भाकरीचा डबा कायम भरलेला असतो. ती पंधरा दिवस टिकते, गॅस लागत नाही. भाकरी चुरून दही, शेंगाची चटणी, झालं जेवण. ज्या संध्याकाळी काहीच सुचत नाही, त्या संध्याकाळी घरात सगळ्यांनी हेच खायचं असं आम्ही ठरवून टाकलंय, आणि त्याबद्दल कुणी काही बोलत नाही.

पैशांचं एकच सांगते. महिन्याला ठरावीक रक्कम बाजूला टाकणं मला कधीच जमलं नाही. पिग्मीवाले दादा रोज दारात येतात, त्यांच्या हातात रोजचे शंभर जातात. समोर माणूस उभं राहतं म्हणून जातात. वीजबिल आणि शाळेची फी बँकेतून आपोआप जाते.

गोळ्या संपण्याकडे लक्ष ठेव. मिथाइलफेनिडेट अंमली पदार्थांच्या (एनडीपीएस) कायद्याखाली येतं, चिठ्ठीशिवाय मिळत नाही, आणि प्रत्येक मेडिकलवाला ठेवतही नाही. शेवटची गोळी घेतल्यावर शोधायला निघालीस तर मध्ये चार दिवस जातील. मी नवी पाकिटं आणली की त्याच दिवशी शेवटच्या दहा गोळ्यांवर लाल पायपिंगचा तुकडा चिकटवते. लाल दिसलं की डॉक्टरांना फोन. तुला गोळी सोसली नाहीच, तर ॲटोमॉक्सेटिन आहे. ते वेगळ्या प्रकारचं आहे, पूर्ण असर दिसायला काही आठवडे जातात, म्हणून आठ दिवसांत "काहीच झालं नाही" म्हणून बंद करू नये. खर्च झेपत नसेल तर आपल्या सिव्हिलमध्ये मानसोपचार विभाग आहे. नुसतं बोलायचं असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलतात. मी स्वतः एका रात्री लावलाय.

उन्हाळ्याचं आत्ताच सांगते. पारा बेचाळीसच्या वर गेला की रात्री झोप होत नाही, आणि झोप गेली की माझ्या सगळ्या युक्त्या निम्म्यावर येतात. एप्रिल-मेमध्ये मी पाटीवर एकच ओळ लिहिते. तूही त्या दोन महिन्यांत नवं काही सुरू करू नकोस.

आज एवढंच कर: तुमच्याकडे पुढचं पाणी कधी आहे ते आत्ता सासूबाईंना विचार, आणि त्यांच्यासमोरच उभं राहून फोनमध्ये घंटा लाव. भांड्याचं, पाटीचं नंतर बघू. पाणी भरून झालं की इथे लिही, मी वाट बघते.