वाचक विचारतात : लेखनाची पदवी घेऊन काय होतं?

अमेरिका-इंग्लंडमधली विद्यापीठं कथा, कविता, कादंबरी लिहिण्यासाठी एम.एफ.ए. (मास्टर ऑफ फाइन आर्ट्स) किंवा एम.ए. अशी पदव्युत्तर पदवी देतात. त्यावर गेल्या अंकात आम्ही एक छोटी चौकट छापली होती. तिच्यावर कोल्हापूर शहर आणि जिल्ह्यातून पत्रं आली. त्यांतल्या सहा प्रश्नांची ही उत्तरं.

मी इंग्रजी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि इंग्रजीतून कथा लिहिते. न्यूयॉर्कच्या एका खासगी विद्यापीठात दोन वर्षांची एम.एफ.ए. करायची आहे. बाबा घर तारण ठेवून कर्ज काढायला तयार आहेत. पुढे लेखक म्हणून जम बसेल का? (राजारामपुरी)

घर तारण ठेवू नका. न्यूयॉर्कमधल्या खासगी विद्यापीठाची फी आणि राहणं-खाणं धरलं तर दोन वर्षांचा खर्च एक कोटीच्या पुढे जातो. ही पदवी त्या रकमेचा हप्ता फेडणारी नोकरी मिळवून देत नाही. अभियांत्रिकी किंवा विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांना शिक्षणानंतर अमेरिकेत कामासाठी जी वाढीव मुदत मिळते, तीही या विषयाला नाही. तुमच्या हातात बारा महिने असतील.

मग लोक जातात कशाला? तीन गोष्टींसाठी. लिहायला दोन-तीन वर्षांचा सलग वेळ मिळतो, महिन्या-दीड महिन्याला काहीतरी पूर्ण करून द्यावंच लागतं आणि दहा-बारा माणसं तुमचं पान पेन्सिल हातात घेऊन वाचतात. आयोवा विद्यापीठाने १९२२ मध्ये पदव्युत्तर पदवीसाठी प्रबंधाऐवजी सर्जनशील लेखन स्वीकारायचं ठरवलं आणि १९३६ मध्ये तिथली लेखन कार्यशाळा उभी राहिली. आजचे बहुतेक अभ्यासक्रम त्याच साच्यातून निघाले.

लेखकाच्या वाटचालीवर त्याचा परिणाम कसा होतो ते दोन उदाहरणांत दिसेल. काझुओ इशिगुरो यांनी इंग्लंडमधल्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठातून १९८० मध्ये ही एम.ए. केली आणि १९८२ मध्ये त्यांची पहिली कादंबरी आली. किरण देसाई हॉलिन्स आणि कोलंबिया विद्यापीठांत लेखन शिकल्या. त्यांची पहिली कादंबरी १९९८ची, बुकर मिळवून देणारी दुसरी २००६ची आणि तिसरी थेट २०२५ची. म्हणजे पदवीने पहिल्या पुस्तकापर्यंतची वाट जवळ केली असं म्हणता येईल. पण दुसऱ्या आणि तिसऱ्या पुस्तकाआधीची अनुक्रमे आठ आणि एकोणीस वर्षं कोणत्याही विद्यापीठाच्या हिशेबात नसतात. घर चालवायचा प्रश्न त्याच वर्षांत उभा राहतो.

तेव्हा जिथे फी माफ होऊन वर विद्यावेतन मिळतं, तिथेच अर्ज करा. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठातलं मिचनर केंद्र असंच आहे : अभ्यासक्रम तीन वर्षांचा, साधारण बारा जागा आणि प्रवेश मिळालेल्या प्रत्येकाचा खर्च केंद्राकडे. इतर बऱ्याच सरकारी विद्यापीठांत पदवीच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना निबंधलेखन शिकवायचं, त्या बदल्यात फी माफ आणि पोटापुरते पैसे, अशी पद्धत आहे. सत्राला एक-दोन वर्ग घ्यावे लागतात आणि दर आठवड्याला वह्यांचा गठ्ठा तपासायचा असतो. लिहायला मिळणाऱ्या वेळातून एवढा वेळ वजा धरा.

इंग्लंडची एम.ए. एक वर्षाची असते, पण तिथे फी माफीच्या जागा फार थोड्या. ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती मिळाली तर खर्च सुटतो. तिला दोन वर्षांचा, म्हणजे २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो. तुम्ही अजून शिकत आहात, त्यामुळे तो दरवाजा दोन वर्षांनी उघडेल.

अर्जाला नेमकं काय लागतं आणि सुरुवात कधी करावी? (उत्तरेश्वर पेठ)

ऑगस्टमध्ये सुरुवात करा. अर्जांच्या तारखा बहुतेक डिसेंबर-जानेवारीत असतात, निकाल फेब्रुवारी-मार्चमध्ये लागतात. आर्थिक मदतीसह प्रवेश देऊ केला असेल तर १५ एप्रिलपर्यंत उत्तर द्यायचं, असा संकेत तिथली बहुतेक विद्यापीठं पाळतात. त्याआधी कुणी ‘आजच सांगा’ म्हणून घाई करत असेल तर १५ एप्रिलची आठवण करून द्यायला संकोचू नका.

सगळ्यात वजन आहे ते लेखनाच्या नमुन्याला. कथालेखनासाठी साधारण २० ते ३० पानं, कवितेसाठी दहाच्या आसपास. पान म्हणजे १२ पॉइंटचा टाइप आणि दोन ओळींत मोकळी जागा, म्हणजे पानाला अडीचशे-तीनशे शब्द. पंचवीस पानांत सात हजार शब्दांच्या आसपासची एक कथा किंवा दोन लहान कथा बसतात. नेहमीची चूक अशी की कादंबरीचं चौथं प्रकरण पाठवायचं आणि वर मागची कथा सांगणारा परिच्छेद जोडायचा. निवड करणाऱ्यांपुढे शेकडो नमुने असतात, पहिल्या तीन पानांत पकड बसली नाही तर पुढची वाचायला कुणाला वेळ नसतो. स्वतःच्या पायावर उभी असलेली पूर्ण कथा पाठवा.

दुसरं, उद्देशपत्र. एक ते दोन पानं. ‘लहानपणापासून मला वाचनाची आवड’ हे वाक्य आलं की ते पत्र उरलेल्या पत्रांत मिसळून गेलं म्हणून समजा. सध्या काय लिहिता आहात, त्यात कुठे अडला आहात आणि त्या विद्यापीठातल्या कोणत्या लेखक-शिक्षकाच्या कामाशी तुमच्या अडचणीचा संबंध लागतो, एवढं लिहा.

आपल्याकडे खरी गाडी अडते ती शिफारसपत्रांवर. तीन लागतात. विभागप्रमुख लेटरहेडवर ‘विद्यार्थिनी सुस्वभावी असून तिची वर्तणूक चांगली आहे’ असं लिहून सही-शिक्क्यासह तुमच्या हातात देतात. त्याचा काही उपयोग नाही. पत्र त्यांनी स्वतः विद्यापीठाच्या पोर्टलवर चढवायचं असतं आणि ते शक्यतो संस्थेच्या ईमेलवरून केलेलं बरं. खासगी पत्त्यावरून आलेल्या पत्राबद्दल शंका घेतली जाते. सरांकडे संस्थेचा ईमेल नसेल तर तो सप्टेंबरमध्येच काढून घ्यायला सांगा. पत्र मागताना तुमची कथाही त्यांना वाचायला द्या, म्हणजे स्वभावाऐवजी लेखनाबद्दल लिहिता येईल.

शिवाजी विद्यापीठातून गुणपत्रकांच्या अधिकृत प्रती काढायलाही काही आठवडे हाताशी ठेवा. इंग्रजीची परीक्षा, म्हणजे टोफेल किंवा आयेल्ट्स, ऑक्टोबरपर्यंत उरका. जीआरई ही प्रवेशपरीक्षा आता बहुतेक ठिकाणी मागत नाहीत. अर्जाची फी प्रत्येकी साधारण ५० ते १०० डॉलर, म्हणून आठ-दहापेक्षा जास्त ठिकाणी अर्ज करू नका. आणि बी.ए. तीन वर्षांची असेल तर काही विद्यापीठं सोळा वर्षांचं शिक्षण मागतात. एम.ए. पूर्ण करून अर्ज केला की ती अडचण राहत नाही.

दिलीप चित्रे आयोवाला गेले होते असं वाचलं. मी मराठीत लिहितो, इंग्रजी कामापुरतं. मला जाता येईल? (गडहिंग्लज)

चित्रे १९७५ मध्ये गेले ते आयोवाच्या ‘इंटरनॅशनल रायटिंग प्रोग्राम’मध्ये. हा कार्यक्रम १९६७ मध्ये सुरू झाला. तो पदवी देत नाही, त्याला फी नाही आणि विद्यार्थी म्हणून अर्जही करायचा नसतो. पुस्तकं प्रसिद्ध झालेल्या लेखकांना शरद ऋतूत काही आठवडे बोलावलं जातं आणि नावं मुख्यतः त्या-त्या देशातल्या अमेरिकी दूतावासांकडून सुचवली जात. २०२५ मध्ये अमेरिकी परराष्ट्र खात्याने अनुदान थांबवलं आणि जागा आक्रसल्या. पदवीच्या कार्यशाळेशी याची गल्लत नेहमी होते.

मराठी लेखकाला पदवीच्या अभ्यासक्रमाचा उपयोग थोडा आहे. नमुना इंग्रजीत लागतो, चर्चा इंग्रजीत होते आणि दोन-तीन वर्षांनी तुम्ही एक इंग्रजी हस्तलिखित घेऊन परत येता. तुमचं इंग्रजी चांगलं असतं तर आयोवातलीच साहित्यानुवादाची एम.एफ.ए. सुचवली असती. त्या पदवीत मराठी हे भांडवल ठरतं. गावाकडच्या बोलीतला गद्य उतारा इंग्रजीत आणू शकणारी माणसं फार कमी आहेत. मराठीतच लिहायचं असेल तर वेळ, मुदत आणि वाचक या तीन गोष्टी इथेच जमवा. तीस वर्षांच्या आत असाल तर नॅशनल बुक ट्रस्टमार्फत चालणारी ‘पंतप्रधान युवा’ योजना पाहा. तिच्यात निवड झाली तर सहा महिने दरमहा ५०,००० रुपये आणि पुस्तकावर १० टक्के मानधन मिळतं, मराठीतून लिहिता येतं. विषय मात्र सरकार ठरवतं.

परदेशी एम.एफ.ए.वर इथे प्राध्यापकी मिळते का? (इचलकरंजी)

नुसत्या तिच्यावर अवघड आहे. अमेरिकेत लेखन शिकवायला तीच शेवटची पदवी मानतात, पुढे पीएच.डी. लागतेच असं नाही. इथे साहाय्यक प्राध्यापकाला संबंधित विषयातली किमान ५५ टक्क्यांची पदव्युत्तर पदवी आणि नेट, सेट किंवा पीएच.डी. लागते आणि नेटच्या विषयांत सर्जनशील लेखन नाही. शिवाय परदेशी पदवीची समकक्षता काढावी लागते. त्यात आपल्याकडे एम.एफ.ए. म्हटलं की चित्रकला समजतात, त्यामुळे कागद चुकीच्या टेबलावर जातो. मराठी किंवा इंग्रजीची एम.ए. आणि सेट आधी पदरात पाडा.

आम्ही सात-आठ जण महिन्याला जमून एकमेकांचं लिखाण ऐकतो. ‘छान, छान’ याच्या पुढे गाडी जात नाही. परदेशी कार्यशाळेसारखं काही इथे करता येईल? (कागल)

करता येईल, आणि या सगळ्या पत्रांत आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला प्रश्न हाच आहे. पदवीतला जो भाग लेखकाला खरोखर घडवतो तो एवढाच आहे आणि त्याला व्हिसा लागत नाही.

पहिला बदल : ऐकणं बंद करा, वाचणं सुरू करा. ऐकताना आवाज चांगला असला की कथा चांगली वाटते. एका बैठकीला दोनच लेखन, प्रत्येकी अडीच ते साडेतीन हजार शब्द. सात दिवस आधी छापील प्रत प्रत्येकाच्या हातात पडली पाहिजे, मोबाइलवरची चालणार नाही. एका बाजूला छपाई, ओळींत अंतर, पानांना क्रमांक. प्रत्येकाने दोनदा वाचायचं, पहिल्यांदा खूण न करता. मग लेखकाला अर्ध्या पानाचं पत्र लिहून सही करून आणायचं. सही असली की माणूस जबाबदारीने लिहितो.

प्रत्येक लेखनाला पाऊण तास. पहिली दहा मिनिटं फक्त वर्णन : कोण सांगतंय, काळ कोणता, काय घडतं. मत द्यायचं नाही. गंमत म्हणजे निम्म्या अडचणी इथेच उघड्या पडतात, कारण तिघांना बाई मेली असं वाटलेलं असतं आणि दोघांना ती माहेरी गेली असं. पुढची वीस मिनिटं लक्ष कुठे लागलं आणि कुठे सुटलं, पान क्रमांकासह. शेवटची पंधरा मिनिटं लेखकाची. वयाने लहान असेल त्याने आधी बोलायचं. ज्येष्ठाने सुरुवात केली की बाकीचे त्याच्या मागून जातात.

परदेशी कार्यशाळेत चर्चा चालू असताना लेखकाने गप्प बसायचं अशी जुनी रीत आहे. तिच्यामागचा विचार बरोबर आहे, वाचकाच्या शेजारी बसून समजावून सांगायला लेखक जात नसतो. पण तिचा एक तोटा आपल्या भागात फार महागात पडतो. कथेत ‘पाणंद’ आली. शहरातला सभासद म्हणाला, कळलं नाही. गप्प बसलेला लेखक घरी जाऊन ‘पायवाट’ करून टाकतो. पाणंद दोन्ही बाजूंना कुंपण असलेली, बैलगाडी जाणारी वाट. पायवाटेवरून गाडी जात नाही, आणि गाडीच न गेल्यामुळे पुढचा प्रसंगच खोटा पडतो. म्हणून लेखकाला आधीच दोन प्रश्न लिहून द्यायला सांगा आणि बोलीतल्या शब्दांवर फक्त एवढंच विचारा : संदर्भावरून अंदाज आला का? आला असेल तर शब्द तसाच राहू द्या.

दुरुस्तीला त्याच रात्री बसू नका, दहा-पंधरा दिवस जाऊ द्या. मग सगळी पत्रं शेजारी ठेवून पाहा. तिघांनी एकाच जागेवर बोट ठेवलं असेल तर ती जागा नक्की बिघडलेली आहे. त्यांनी सुचवलेले उपाय मात्र बहुतेक वेळा तुमच्या कथेचे नसतात, ते त्यांच्या कथेचे असतात. तेच लेखन पुन्हा एकदाच आणायचं. चार-चार वेळा आणलेली कथा सगळ्यांची होते आणि कुणाचीच राहत नाही.

वर्षभराने आणखी एक गोष्ट दिसेल. सगळ्यांच्या कथा तीन हजार शब्दांत संपू लागतील, कारण बैठक तेवढीच असते. कादंबरी लिहिणाऱ्याचं तर यात नुकसानच होतं. त्याचं प्रत्येक प्रकरण कथेसारखं टोकदार होतं आणि पुस्तक पुढे सरकत नाही. त्याच्यासाठी वर्षातून एक-दोन बैठका वेगळ्या ठेवा आणि पूर्ण हस्तलिखित वाचूनच या. दिवाळी अंकांचं साहित्य बहुतेक जुलै-ऑगस्टपर्यंत मागवतात, तेव्हा त्यासाठीच्या कथा एप्रिल-मेमध्ये गटापुढे आल्या पाहिजेत. जागेची अडचण असेल तर गावच्या वाचनालयात विचारा. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून उभं आहे, आणि या जिल्ह्यात वाचनालयांची वाण नाही.

माझी पहिली कादंबरी तयार आहे. एक प्रकाशक साठ हजार रुपये मागतो. पदवी असती तर मागितले नसते का? (शाहूपुरी)

मागितलेच असते. मराठी प्रकाशक पदवी विचारत नाहीत. हिशेब करून पाहा : २०० रुपयांचं पुस्तक, विकलेल्या प्रतींवर १० टक्के, म्हणजे प्रतीमागे २० रुपये. साठ हजार परत यायला ३,००० प्रती विकल्या जायला हव्यात. पहिल्या कादंबरीच्या बऱ्याचदा पाचशे किंवा त्याहून कमी प्रती छापतात.

पैसे देण्याआधी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेची चौकशी करा, ती पहिल्या पुस्तकासाठीच आहे. करार कोणाशीही केला तरी प्रतींची संख्या, हक्कांची मुदत आणि प्रदेश लिहून घ्या. मुदत लिहिली नसेल तर कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत. ई-पुस्तक, ध्वनिपुस्तक, अनुवाद आणि चित्रपट यांचे हक्क ‘सर्व हक्क’ या दोन शब्दांत जाऊ देऊ नका, वेगळ्या ओळींत लिहा. विक्रीचा लेखी हिशेब वर्षातून एकदा, कोणत्या महिन्यात, हेही करारातच असू द्या.